तमाशा: पायांनी बघायची गोष्ट

पायवाट

नमस्कार मंडळी,

गेल्या हिवाळ्यापासून मी फारसी शिकतोय. ऑनलाइन वर्ग आहे. शिकवणाऱ्या बाई शिराझच्या, विद्यार्थी सहा, त्यात मराठी मी एकटा. तिसऱ्याच तासाला बाईंनी गृहपाठ दिला, की अमुक एक छोटी चित्रफीत 'तमाशा' करा आणि तिच्यावर पाच वाक्यं लिहून आणा. मला फिसकन हसू आलं. बाईंनी विचारलं, काय झालं? आता ढोलकी, तुणतुणं आणि मावशी हे सगळं मोडक्यातोडक्या फारसीत कसं सांगणार! 'काही नाही' म्हणालो आणि गप्प बसलो.

फारसीत 'तमाशा कर्दन' म्हणजे बघणं, बस्स. तिथे टीव्ही तमाशा करतात, सामना तमाशा करतात, गॅलरीत उभं राहून पाऊस तमाशा करतात. बघण्यालाही त्यांच्याकडे तीन पायऱ्या आहेत. 'दीदन' म्हणजे दिसणं-पाहणं, 'निगाह कर्दन' म्हणजे नजर टाकणं आणि 'तमाशा कर्दन' म्हणजे जरा निवांत, रस घेऊन बघणं. स्टेडियममधल्या प्रेक्षकाला म्हणतात 'तमाशाची'. आपल्याला ती षष्ठी विभक्ती वाटते, पण तो '-ची' तुर्की आहे, आपल्या तोपची आणि मशालचीच्या शेपटाला असतो तोच. बघण्यासारखं ते 'तमाशाई'. तेहरानमध्ये सँगलज नावाचं एक जुनं नाट्यगृह आहे, त्याच्या नावात 'तमाशाखाना' आहे. आणि घड्याळांचं जे संग्रहालय आहे त्याचं नाव 'तमाशागाहे जमान', म्हणजे काळ बघायची जागा. आवडलं की नाही?

पण धागा काढायचं कारण वेगळंच. मला वाटत होतं शब्द अस्सल फारसी असणार. बाई म्हणाल्या, नाही, अरबी आहे, आणि अरबीत त्याचा बघण्याशी काडीचा संबंध नाही. धातू आहे म-श-य, अर्थ चालणे. त्याचं 'तमाशी' हे रूप म्हणजे एकमेकांबरोबर चालणे. फारसीने ते घेतलं, शेवटच्या 'ई'चा 'आ' केला, आणि मित्रमंडळींसोबत बागेत, रानात पाय मोकळे करायला जाण्याला 'तमाशा' म्हणायला लागले. अशा फिरण्यात माणूस काय करतो? इकडे तिकडे बघतो. हळूहळू चालणं गळून पडलं आणि बघणं उरलं. मग पुढे जे बघतात त्यालाच तमाशा म्हणू लागले.

बाईंनी त्यावर सादीची एक ओळ सांगितली. सादी म्हणजे त्यांच्या शिराझचाच, तेराव्या शतकातला. ती ओळ ऐकल्यापासून डोक्यातून जात नाहीये:

ऐ तमाशागाहे आलम रूये तो,
तो कुजा बहरे तमाशा मीरवी?

साधारण असं: साऱ्या जगाने बघायला यावं असा तुझा चेहरा, आणि तू कुठे निघालीस तमाशाला? एका शेरात शब्द दोनदा. पहिल्यांदा आला तेव्हा त्याचा अर्थ डोळ्यांचा आहे, दुसऱ्यांदा आला तेव्हा अजून पायांचा, कारण शेवटी 'मीरवी' आहे, म्हणजे 'तू जातेस'. गझलेची सुरुवातच 'रानाकडे निघालीस' अशी आहे. म्हणजे सादीच्या काळात दोन्ही अर्थ एकाच घरात सुखाने नांदत होते. मला तर हा शेर म्हणजे त्या शब्दाचा जन्मदाखलाच वाटला.

माझं मत असं बनलंय, की तमाशा या शब्दाचं शरीर अरबी आहे आणि जीव फारसी. तुम्हाला काय वाटतं? आणि अशी चाल बदललेली आणखी मंडळी कोणाला माहीत असतील तर लिहा.

चहाबाज

पहिला नंबर माझा!

आम्हाला शाळेत एक गुरुजी सांगायचे, तम म्हणजे अंधार, आणि अंधारात आशेने जमतात म्हणून तमाशा. तम अधिक आशा. सगळा वर्ग माना डोलवायचा. आज इतक्या वर्षांनी कळतंय, की अंधारात आम्हीच होतो.

अडगळीची खोली

@चहाबाज, गुरुजींना दोष देऊ नका. संधी सोडवता आला की मराठी माणसाला राहवत नाही. माझे एक काका 'दुकान' हा शब्द दोन कानांवरून आला म्हणायचे, एक कान गिऱ्हाईकाचा, एक दुकानदाराचा.

लेख छान. तो 'निगाह' वाचून एक आठवलं. आपण झाडांची, म्हाताऱ्या माणसांची 'निगा राखतो', ती निगा म्हणजे हीच नजर. फारसीत 'निगाह दाश्तन' म्हणजे शब्दशः नजर राखणे, अर्थ सांभाळणे. आपण नुसता शब्द नाही उचलला, अख्खा वाक्प्रचार उचलला आणि 'दाश्तन'च्या जागी 'राखणे' बसवलं. 'ह' मात्र वाटेत सांडला.

मस्कतकर

अकरा वर्षं आखातात काढली, त्यामुळे थोडं माझ्याकडून.

पहिल्या नोकरीत आमचा मुकादम मिसरी होता. त्याला काहीही सांगा, तो म्हणायचा, "माशी, माशी." पहिल्या दिवशी मी खोलीत माशी शोधत होतो, अगदी खरं सांगतो. नंतर कळलं, इजिप्तच्या बोलीत 'माशी' म्हणजे 'चाललंय, ठीक आहे'. शब्दशः चालणारा. म्हणजे आपला म-श-य! आपणही 'चालेल' म्हणतोच की. संध्याकाळी समुद्रकाठी फेरी मारायला निघाले की त्याच धातूचं दुसरं एक रूप वापरायचे, 'नितमश्शा', म्हणजे चला, पाय मोकळे करू.

पण त्याच मुकादमाला मी 'तमाशा' शब्द ऐकवला तर त्याला काहीच बोध झाला नाही. हल्लीच्या अरबी वर्तमानपत्रात 'तमाशियन मआ' असं दिसतं, त्याचा अर्थ 'अमुक गोष्टीला धरून, तिच्याशी जुळवून'. सरकारी धोरणाशी तमाशी, असा प्रकार! बरोबरीने चालणं तिथे अजून शाबूत आहे, करमणूक तेवढी नाही. त्यामुळे लेखकाच्या शेवटच्या मताला माझं अनुमोदन.

आता खरी गंमत. मग अरब लोक 'बघणे'ला काय म्हणतात? इजिप्तमध्ये टीव्ही बघणे म्हणजे 'इत्फर्रग'. ग्रांथिक अरबीत 'तफर्रुज', आणि प्रेक्षक म्हणजे 'मुतफर्रिज'. याच्या मुळाशी 'फरज' आहे, म्हणजे दुःखातून, कोंडीतून सुटका. जीव रमवणे, मन हलकं करणे, त्यातून बघणे. आणि फारसीत हाच 'तफर्रुज' गेला तेव्हा त्याचा अर्थ काय झाला असेल? फेरफटका! बागेतल्या फिरायच्या जागेला फारसीत 'तफर्रुजगाह' म्हणतात. इराण्यांनी अरबांचा चालण्याचा शब्द घेऊन त्याने बघितलं, आणि अरबांच्या बघण्याच्या शब्दाने ते चालायला गेले. कोणी कोणाला फसवलं सांगता येत नाही.

पायवाट

@मस्कतकर, हे भन्नाट आहे! तफर्रुज मला माहीतच नव्हता. बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या शब्द जुना आहे, पण तफर्रुजगाह आजही पाट्यांवर दिसतो.

घाटावरची

ही तफर्रुज म्हणजे कॉलेजात तास बुडवून मारायची ती तफरी का?

मस्कतकर

नाही ताई, ती 'तफरीह'. तिचा धातू फ-र-ह, आनंद. दिसायला जुळ्या बहिणी, आईबाप वेगळे.

नुक्ता

उशिरा येतोय. धागा चांगला आहे, पण दोन-तीन ठिकाणी खिळे ठोकणं गरजेचं आहे.

अरबीत शब्द साच्यात ओततात. तीन व्यंजनं घ्यायची आणि ठरलेल्या साच्यात बसवायची. आपल्या शब्दाचा साचा 'तफाउल'. याच साच्यातला मराठीत रोज लागणारा शब्द म्हणजे तफावत: फ-व-त ही व्यंजनं साच्यात घातली की 'तफावुत'. हिशोबात तफावत आली म्हणताना आपण एका अर्थी तमाशाच्या सख्ख्या चुलतभावाला हाक मारत असतो. 'तआरुफ' त्याच साच्यातला: अरबीत एकमेकांची ओळख होणे, उर्दूत ओळख करून देणे, आणि फारसीत मात्र तो आग्रह आणि नकाराचा लांबच लांब खेळ. तेहरानचा टॅक्सीवाला आधी पैसे नाकारतो, मग तुम्ही आग्रह करायचा, मग तो घेतो. त्याला तिकडे 'तआरोफ' म्हणतात. आपल्याकडे पाहुणा निघताना मुलांच्या हातावर पैसे ठेवतो तेव्हा दारात जे नाट्य होतं, तेच.

या साच्याने बऱ्याचदा 'एकमेकांशी' असा अर्थ येतो, म्हणून 'एकमेकांबरोबर चालणे'. पण तो नेहमीच येतो असं नाही. 'तजाहुल' म्हणजे माहीत असून न कळल्याचं सोंग घेणे. 'तमारुज' म्हणजे आजारपणाचं सोंग, त्यात मर्ज आणि मरीज यांची व्यंजनं ओळखू येतील. म्हणून साच्यावरून थेट 'मित्रांसोबत बागेत' इथपर्यंत उडी मारू नका. बाग आणि मित्र फारसीने आणले.

दुसरा मुद्दा त्या शेवटच्या 'आ'चा. तिसरं व्यंजन 'य' असलं की अरबीत साच्यातला उकार टिकत नाही, 'तमाशी' होतं. फारसीने त्याचा 'तमाशा' केला. हे एकट्याच्या नशिबी आलेलं नाही. 'तकाजी'चा 'तकाजा' झाला आणि 'तमन्नी'ची 'तमन्ना'. मला पटणारं कारण लिपीत आहे. अरबीत शब्दाच्या शेवटी 'य' लिहिलेला असला तरी काही वेळा तो 'ई' वाचतात, काही वेळा 'आ'. मूसा आणि ईसा ही नावं लिहिताना शेवटी हाच 'य' येतो. इराण्यांनी इथे 'आ' वाचला. पण मग तरक्की आणि तसल्ली यांच्या शेवटी 'ई' का राहिली, असं विचाराल. भाषा कारकुनासारखी वागत नाही, एवढंच उत्तर.

आता तकाजा. अरबीत 'तकाजी' म्हणजे एकमेकांवर दावा लावणे, येणं मागणे. धातू क-ज-य, निवाडा करणे. यातूनच निवाडा करणारा काजी आणि ज्याचा निवाडा करायचा तो कज्जा. फारसीत 'तकाजा' म्हणजे मागणी. आजच्या फारसीत अर्थशास्त्राचा 'मागणी व पुरवठा' हा 'अर्जे व तकाजा' आहे. मराठीत हा शब्द दोनदा दिसतो. 'काळाचा तकाजा' म्हणताना तो सुशिक्षित वेषात असतो, आणि उधारी मागायला दारात उभा राहतो तेव्हा तोच 'तगादा' असतो. तमाशा आणि तगादा व्याकरणाने भाऊ आहेत, हे कर्ज काढून फड उभे करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

त्याच म-श-य धातूची आणखी दोन अपत्यं सांगतो आणि थांबतो. हिंदीतलं 'मवेशी', म्हणजे गुरंढोरं, हे अरबी 'मवाशी'वरून आलं. 'माशिया' म्हणजे चालणारं धन, 'मवाशी' त्याचं अनेकवचन. आणि ॲरिस्टॉटलच्या परंपरेतल्या तत्त्वज्ञांना अरबी-फारसीत 'मश्शाई' म्हणतात, चालणारे. त्या पंथाचं ग्रीक नावही चालण्या-फिरण्यावरूनच पडलं होतं, अरबांनी त्याचा अनुवाद केला. इब्न सीना या मश्शाईंचा मेरुमणी. म्हणजे एका धातूच्या पोटी गुरं, तत्त्वज्ञ आणि तमासगीर.

चहाबाज

शेवटचं वाक्य वाचून चहा सांडला. +१००

बांधावरून

मी शेतकरी. नुक्तासाहेब, तगादा कळला. तगाई पण त्याच्यातलीच का? आमच्याकडे आजोबांच्या तोंडी फार होता हा शब्द. सरकार दुष्काळात द्यायचं ती तगाई.

नुक्ता

नाही. तगाईच्या मागे 'कवी' म्हणजे बलवान हा शब्द आहे, आपला काव्य करणारा कवी नव्हे. त्याचा धातू क-व-य. त्यावरून 'तकावी', शेतकऱ्याला बळ देण्यासाठी दिलेली उचल. मराठीत झाली तगाई.

बांधावरून

म्हणजे तगाई बळ देणार आणि तगादा ते काढून घेणार. आजोबा पण साधारण हेच म्हणायचे, फक्त शब्द जास्त खमंग असायचे.

बर्फातली पोर

मी एमबीबीएस कझाकस्तानात केलं. आमच्या वसतिगृहावर एक आजी होत्या, आम्ही काहीही चांगलं केलं की दोन्ही हात जोडून आनंदाने म्हणायच्या, "तमाशा!" पहिल्यांदा मी खोली आवरली होती, तर मला वाटलं टोमणा मारतायत. आई असाच म्हणायची ना, 'काय हा खोलीचा तमाशा!' नंतर कळलं, कझाकमध्ये तमाशा म्हणजे फार सुंदर, उत्तम. निकाल लागला, तमाशा. हवा छान, तमाशा. जेवण चांगलं झालं, तमाशा. वर्गातल्या उझबेक मुलींच्या भाषेत 'तोमोशा' म्हणजे बघणं आणि खेळ-कार्यक्रम, म्हणजे फारसीच्या जवळचा.

मी घरी फोनवर सांगितलं, इथे सगळं तमाशा आहे. आई दोन दिवस जेवली नाही.

अडगळीची खोली

बघण्यासारखं ते सुंदर, हा प्रवास कळतो. आपणही 'बघत राहावं असं' म्हणतोच.

मी काही वर्षांपूर्वी जकार्तात कामाला होतो. तिथे 'तमास्या' म्हणजे सहल! रविवारी मुलांना घेऊन डोंगरावर, समुद्रावर जाणे म्हणजे 'बर्तमास्या'. मलय भाषेत 'तेमास्या' म्हणजे उत्सव, सोहळा. म्हणजे सादीच्या शेरातला तो दुसरा अर्थ, पायांचा, तो पार जावाच्या किनाऱ्याला जाऊन जिवंत राहिला. माझ्याबरोबर काम करणाऱ्यांना मी सांगितलं, की आमच्याकडे या शब्दाला रात्र लागते, ढोलकी लागते आणि घरच्यांपासून लपून जावं लागतं. त्यांना आमच्या सहली फारच रंगीत वाटल्या.

पायवाट

आणि जॉर्जियन भाषेत 'तामाशी' म्हणजे खेळ. मुलांचा खेळ, पत्त्यांचा खेळ, फुटबॉल, सगळा तामाशी. म्हणजे कोणी प्रेक्षक झाला, कोणी खेळाडू, कोणी सहलीला गेला, कोणी नुसता वाहवा करत राहिला.

मराठी बाणा

सगळं ठीक आहे. पण मग आपल्या कलेला परका शब्द का चिकटवून ठेवायचा? लोकनाट्य हा चांगला शब्द आहे, तो वापरावा. तमाशा म्हटलं की लोक नाक मुरडतात, त्याचं कारण हा शब्दच आहे.

शिट्टी

मी जुन्नर तालुक्यातली, नारायणगावच्या बाजूची. गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, बसतात, घासाघीस होते, सुपारी ठरते. तिथे फिरून पाट्या वाचा. बहुतेक पाट्यांवर असतं 'अमुक तमुक लोकनाट्य तमाशा मंडळ'. दोन्ही शब्द! एक सरकारदरबारी आणि शहरात दाखवायला, दुसरा गिऱ्हाईकाला कळायला. नुसतं लोकनाट्य लिहिलं तर कमिटीवाला विचारतो, यात ढोलकी आहे ना?

आणि बाणासाहेब, नाकं शब्दामुळे मुरडत नाहीत. बाया नाचतात आणि त्या कोणत्या समाजातल्या आहेत, यामुळे मुरडतात. उद्या 'कलासंध्या' म्हणा, दहा वर्षांत त्या शब्दाकडे बघूनही तेच नाक मुरडतील. माझ्या आजीला तमाशाला जायची परवानगी नव्हती. आजोबा जायचे, आणि येऊन वगातले संवाद तिला म्हणून दाखवायचे. तिला अख्खे वग पाठ होते, एकही न बघता. सांगा, हिला तमाशाची म्हणायचं की काय म्हणायचं?

मराठी बाणा

शिट्टीताई, मुद्दा मान्य. पण परका शब्द हा मुद्दा उरतोच.

नुक्ता

 शब्द आपल्याकडे येऊन इतकी शतकं झाली की आता तो इथला रहिवासी आहे. माधव जूलियन हे कवी, पण पेशाने फारसीचे प्राध्यापक. त्यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश काढला. पुढे त्यांनीच भाषाशुद्धीचा कैवारही घेतला. पण कोश चाळला की कळतं, यातले सगळे शब्द काढायचे म्हटलं तर बाजारात भाव विचारणं आणि कचेरीत अर्ज देणं एकाच दिवशी बंद पडेल.

वऱ्हाडी ठेचा

आमच्याकडे विदर्भात तमाशा नाही म्हणत हो पूर्वी. 'खडी गंमत' म्हणत. उभ्या उभ्या चालते ते. बघणारे बसतात, करणारे उभे. आता बोला, खडी गंमत हा शब्द कुठून आणता?

नुक्ता

तो वेगळा धागा आहे.

वऱ्हाडी ठेचा

काढा मग. चहा मी पाजतो.

दुपारचे ऊन

गालिबचा उल्लेख कोणीच कसा केला नाही? 'बाजीचा-ए-अतफाल है दुनिया मेरे आगे, होता है शब-ओ-रोज तमाशा मेरे आगे.' म्हणजे जग हा माझ्यापुढे पोरांचा खेळ, रात्रंदिवस समोर तमाशा चाललाय. इथे तमाशा पूर्णपणे 'समोर चाललेली गोष्ट' झालाय. बघणारा बसून आहे, तमाशा हलतोय. सादीच्या शेरात नेमकं उलट: माणूस निघालाय, बघायची गोष्ट जिथल्या तिथे. मला ही जागांची अदलाबदल फार महत्त्वाची वाटते. हिंदुस्थानात येईपर्यंत शब्दाने पाय आखडून घेतले होते.

आणि फारसी कवी हाफिजचं 'तमाशागहे राज', गुपित बघायची जागा. कोणी एक शहाणा तिथे डोकवायला गेला तर अदृश्यातून हात आला आणि त्या परक्याच्या छातीवर बसला. तिथे तर बघायलाही मनाई.

पायवाट

@दुपारचे ऊन, सुंदर. हे मी बाईंना सांगणार.

आणि आता ऐका. काल वर्गात एक भलतंच झालं. आम्हाला आज्ञार्थ शिकवत होत्या. बाई म्हणाल्या, मुलं कोणाकडे टक लावून बघायला लागली की आई म्हणते, "तमाशा नकोन!" मी सांगितलं, बाई, आमची आईसुद्धा शब्दशः हेच म्हणते, तमाशा नको. बाई खूश. मग मी सांगितलं, की आमच्याकडे ते बघणाऱ्याला म्हणत नाहीत, रस्त्यात भोकाड पसरणाऱ्याला म्हणतात. तुमच्याकडे तमाशा करणारा तो बघतो, आमच्याकडे तमाशा करणाऱ्याला लोक बघतात. बाई दोन मिनिटं हसत होत्या. मग म्हणाल्या, म्हणजे एका रस्त्यावर एक इराणी आई आणि एक मराठी आई एकाच वेळी ओरडल्या, तर दोन्ही मुलं गप्प होतील.

घाटावरची

हाहाहा. आणि आपला 'तमासगीर' बघा ना. फडावर नाचणारा तोही तमासगीर, आणि भांडण बघायला जमलेल्या गर्दीला आमच्याकडे तमासगीरच म्हणतात. हिंदीवाल्यांनी 'तमाशबीन' केला, त्यातला 'बीन' म्हणजे बघणारा, दुर्बिणीतला. त्यांचं काम सोपं झालं.

शिट्टी

पायवाट, बाईंना खरा तमाशा दाखवला का नाही अजून? नुसता शब्दच चघळताय.

पायवाट

दाखवला! दोन दिवसांनी लिहितोय, कारण सगळं नीट सांगायचं होतं.

शिट्टीताईंचं ऐकून मी एक जुनं चित्रण वर्गात लावलं. गण झाला. बाईंना ढोलकी इतकी आवडली की त्यांनी ती दोनदा लावायला लावली. मग गवळण सुरू झाली. मी मोडक्या फारसीत भाषांतर करत होतो. गौळणी दूध-लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघाल्यात, सोबत मावशी, आणि वाटेत कृष्ण आणि पेंद्या आडवे आलेत. मावशी म्हणजे पुरुष, हे सांगितल्यावर वर्गात एकच गोंधळ. 'मग ती कोणाची मावशी?' असं ताश्कंदच्या मुलीने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. सगळ्यांची, म्हणालो.

चित्रण संपल्यावर बाई जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग फळ्यावर अरबीत 'तमाशी' लिहिलं आणि खाली एक रेघ मारली. म्हणाल्या, तू म्हणालास तुमच्याकडे चालण्याचा अर्थ राहिलाच नाही. मग या बायका काय करतायत?

मी बघतच राहिलो. गवळण म्हणजे दुसरं काय आहे! चार-पाच जणी, डोक्यावर माठ, एकमेकींची थट्टा करत, एकमेकींबरोबर बाजाराला चालल्यात. रंगमंचावर सात पावलांचीच वाट, पण तीच तेवढी पुन्हा पुन्हा चालतात. आणि कोणीतरी मध्ये येतो म्हणून नाट्य घडतं.

मी हे पाच वाक्यांत लिहून दिलं. एक चूक निघाली, क्रियापदाची.

नुक्ता

हा निव्वळ योगायोग आहे. व्युत्पत्तीत धरू नये. गवळण तमाशात आली ती कृष्णकथेतून, अरबी धातूतून नव्हे.

शिट्टी

धरत नाही हो कोणी. पण बाईंना सांगा, पुढच्या वर्षी पाडव्याला नारायणगावला या. राहुट्यांवरून चालत फिरू.

नुक्ता

मीही येईन म्हणतो.